मॉन्स्टेराचं पान चिरायला हवं असेल तर

माझ्या ठाण्याच्या गॅलरीत दोन मॉन्स्टेरा आहेत, म्हणजे भोकं-चिरा असलेल्या पानांचे शोभेचे वेल. एक डेलिसिओसा जातीचा, दुसरा अडानसोनी. डेलिसिओसाचं पान कडेपर्यंत चिरतं. अडानसोनीची भोकं आतच राहतात, कड अखंड. डेलिसिओसा मूळचा दक्षिण मेक्सिकोकडच्या जंगलातला, झाडावर चढणारा वेल. पानं चिरायला हवीत तर त्याला चढायला आधार लागतो, म्हणून कुंडीत मॉस स्टिक (शेवाळ गुंडाळलेली काठी) रोवा आणि पेराजवळची हवाई मुळं तिला सुतळीने सैलसर बांधा. माझ्या वेलाचं सातवं पान पहिल्यांदा चिरलं. गुंडाळी उलगडताना ते पोपटी आणि इतकं मऊ होतं की हात लावायचा धीर होईना!

उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको. वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी. कलम करताना पेर हवंच, नुसत्या देठाला नवा कोंब येत नाही. चिकाने खाज सुटते. लहान मुलं, मांजरं लांब ठेवा.