परदेशी ग्रुप टूरवरचे जेवण आणि वाईन : नाशिककरांनो, या चुका टाळा

नाशिकहून ग्रुप टूरने युरोपला जाऊन आलेल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "तिथल्यापेक्षा आपली गंगापूर धरणाजवळची वाईन बरी." या तक्रारीत वाईनचा दोष क्वचितच असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत सकाळी अकरा वाजता वायनरीत रिकाम्या पोटी वाईन चाखली जाते आणि संध्याकाळी सात वाजता भारतीय रेस्टॉरंटमध्ये पनीर, डाळ व जिरा राईस वाढला जातो. ज्या वाईनची आणि ज्या जेवणाची पिढ्यान्‌पिढ्यांची सोबत आहे, त्या दोघांची आठ दिवसांत एकदाही गाठ पडत नाही. बाकीच्या बहुतेक चुका याच चुकीच्या पोटात आहेत.

तिची सुरुवात बुकिंगच्या वेळीच होते. कार्यक्रमपत्रिकेत 'वाईन टेस्टिंग समाविष्ट' एवढे वाचून आपण समाधान मानतो. किती प्रकार चाखायला मिळणार, सोबत खायला काय असणार आणि कोणत्या दिवशीचे जेवण सहल खर्चात धरलेले नाही, हे विचारत नाही. रोज रात्रीचे भारतीय जेवण ज्येष्ठांना मोठा आधार असते हे मान्य आहे, परंतु निदान दोन जेवणे तरी स्थानिक असतील अशी सहल निवडावी. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी होते, त्यामुळे द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतात. युरोपातील वेल मात्र थंडीत झोपतो आणि त्याची काढणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. मे महिन्यात तिथे हिरवी पालवी दिसते, घड दिसत नाहीत, आणि निफाड-दिंडोरीकडच्या प्रवाशाचा तिथेच अर्धा विरस होतो.

इटलीतल्या टस्कनी प्रांतातील किआंती या वाईनसाठी प्रसिद्ध भागातल्या एका तळघरात आमच्यासमोर पाव, ऑलिव्ह तेल, मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरिनो चीज आणि लाल वाईन मांडली होती. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी पावाचा तुकडा तोंडात टाकला, तो अगदीच अळणी निघाला म्हणून चेहरा वाकडा केला आणि पर्समधली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून त्यावर सढळ हाताने भुरभुरली. त्यानंतरचा वाईनचा घोट त्यांना जळजळीत आणि कडू लागला, यात नवल नव्हते. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते आणि लाल वाईनला तुरटपणा देणारे टॅनिन तिखटावर अधिकच कडवट वाटते. टस्कनीचा पाव परंपरेने बिनमिठाचाच असतो, कारण त्याच्या सोबतीचे चीज आणि इतर खारट जिन्नस मीठ घेऊनच येतात. यजमान बाईंनी चटणीचा पाव हळूच बाजूला सारला, कोऱ्या पावावर तेल आणि पेकोरिनोची चकती ठेवली आणि नंतर घोट घ्यायला लावला. "ही दुसरी बाटली का हो?" काकूंनी विचारले. बाटली तीच होती.

म्हणून वाईन कडू लागली तर नाक मुरडण्याआधी सोबतचे चीज खावे. गोडवा नाही म्हणून ती बिघडलेली आहे असेही समजू नये; थॉमसन द्राक्षांवर पोसलेल्या आपल्या जिभेला 'ड्राय' म्हणजे गोडी नसलेली, हे वळण निघण्यापूर्वी नाशिकच्याच एखाद्या टेस्टिंग रूममध्ये शेनिन ब्लाँ ही पांढरी आणि शिराझ ही लाल वाईन शेजारी शेजारी चाखून लावता येते. मात्र वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर तो बुचाचा दोष असतो आणि तसे सांगण्यात कोणताही उद्धटपणा नाही. तिखट जेवणासोबतच प्यायची असेल, तर जर्मनीची रिझलिंग ही किंचित गोडसर पांढरी वाईन लाल वाईनपेक्षा कितीतरी बरी जमते.

ओतलेले सगळे पिऊन टाकणे ही पैसे वसूल करण्याची सवय आहे. ५० मिलीचे पाच नमुने म्हणजे पाव लिटर, अर्थात बाटलीचा एक तृतीयांश भाग. पोर्तुगालच्या पोर्ट वाईनमध्ये तर अल्कोहोलच साधारण २० टक्के असते. टेबलावरचे भांडे थुंकण्यासाठी किंवा उरलेली वाईन ओतण्यासाठीच ठेवलेले असते आणि त्याचा वापर जाणकारही करतात. त्यानंतर बसने वळणावळणाचा रस्ता असतो, शिवाय इटलीत उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा नाशिकमध्ये साडेबारा झालेले असतात, हे शरीर पहिले तीन-चार दिवस विसरत नाही. न पिणाऱ्यांनी संकोच न करता द्राक्षाचा रस मागावा.

शाकाहारी मंडळींची फसगत वेगळी असते. 'व्हेजिटेरियन' एवढे म्हटल्याने काम होत नाही, कारण रिझोटो हा इटालियन भात आणि मिनेस्ट्रोनी हे भाज्यांचे सूप पुष्कळदा मांसाच्या रश्शात शिजवलेले असते, पन्ना कोट्टा या सायीच्या गोड पदार्थात प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते आणि पार्मिजानो रेजियानो चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते. टूर मॅनेजरकडून "मांस नको, मासे नको, मांसाचा रस्साही नको" असे स्थानिक भाषेत मोबाईलवर लिहून घ्यावे आणि वेटरला दाखवावे. घरचे तूप आणि पेढे मात्र नेऊ नयेत. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे.

इटलीत बिलावर 'कोपेर्तो' दिसला तर वाद घालू नये, ती टेबलावर बसण्याची माणशी आकारणी असते. फ्रान्समध्ये 'काराफ द'ओ' मागितल्यास नळाचे पाणी फुकट मिळते.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्याची शुल्कमुक्त सवलत असते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या तिच्यात बसतात. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात. घरी आल्यावर त्या थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवाव्यात. आमची किआंतीची बाटली शोभेसाठी फ्रिजच्या डोक्यावर उभी होती. नाशिकच्या मे महिन्यात आतली वाईन प्रसरण पावली, बूच बोटभर वर सरकले आणि लेबलावरून तांबडा ओघळ थेट फ्रिजच्या दारापर्यंत आला.