मुलाला मॉलमधल्या प्ले झोनमध्ये न्यायचंय? असं न्या

मुंबईत पावसाळ्यात बागेचा चिखल होतो आणि मे महिन्यात घसरगुंडीला हात लावला तर चटका बसतो. अशा दिवसांत छताखालची, खेळण्यांनी भरलेली जागा मोठीच सोय आहे. पण तिकीट स्वस्त नसतं, आणि बहुतेक घरांची सहल बिघडते ती पैसे वसूल करायच्या घाईत. ती घाई कशी टाळायची, हेच इथे सांगायचं आहे.

आधी वय बघा, मग जागा

घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ पासून किडझानिया आहे. मुलांच्या मापाचं एक अख्खं शहरच. तिथे मुलं डॉक्टर होतात, आग विझवतात, काम केल्याबद्दल ‘किडझो’ नावाचं चलन मिळवतात आणि ते खर्चही करतात. आईबाबा काचेबाहेर उभे राहतात, कामं मुलांनीच करायची. म्हणून चार-पाच वर्षांपुढच्या, अनोळखी ताईदादांचं ऐकून गटात रमणाऱ्या मुलाला ही जागा आवडते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मात्र बॉल पूल, मऊ गाद्या आणि मोठे ठोकळे असलेला साधा प्ले झोनच बरा. भावंडांच्या वयात अंतर असेल, तर लहानग्यांचा कोपरा वेगळा आहे की नाही हे विचारूनच तिकीट काढा.

आदल्या दिवशी एक फोन

तिकीट किती वेळाचं? सोबतच्या मोठ्या माणसाला वेगळे पैसे पडतात का? ग्रिपचे (तळव्याला न घसरणारे) मोजे घरचे चालतात का? खायला बाहेर आलो तर परत आत सोडतात का? एवढं विचारलं की काउंटरवरची कटकट वाचते.

जमलं तर मधल्या वारी, दार उघडतानाच पोहोचा. रविवारीच जायचं असेल तर लोकलचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी बघा. आणि दुपारी झोपणाऱ्या मुलाला झोपेच्या वेळी अजिबात नेऊ नका.

कपडे

पूर्ण पँट घाला, घसरताना गुडघे सोलवटत नाहीत. एसी कडक असतो, म्हणून एक पातळ जॅकेट ठेवा, पण टोपीला नाडी असलेलं नको. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी घरीच काढून ठेवा. हे मी आग्रहाने सांगते. जाळीत किंवा घसरगुंडीच्या कडेला असा दोरा अडकला तर गळ्याला फास बसू शकतो.

आत गेल्यावर

खेळायच्या आधी मुलाचा हात धरून एक फेरी मारा. बाहेर जायचं दार, टॉयलेट, आणि हरवलास तर कुठल्या रंगाच्या टी-शर्टवाल्या ताईकडे जायचं, हे दाखवा. मनगटावर पेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा.

मग मात्र मुलाच्या मागे चला, पुढे नको. असं दृश्य हमखास दिसतं: एक मुलगा उतारावरून लाकडी गाडी सोडतोय. गाडी वळणावर पडते. तो ती उचलतो, उतार जरासा हलवतो, पुन्हा सोडतो. शेजारी बाबा: “चल रे, तिकडे ट्रॅम्पोलिन आहे, एवढे पैसे भरलेत!” खरं तर पैसे त्याच क्षणी वसूल होत असतात. चूक शोधून ती दुरुस्त करणं तो कुणी न शिकवता शिकत असतो. सगळे खेळ झालेच पाहिजेत असं काही नाही. फोटो दोन काढा आणि फोन पर्समध्ये टाका.

दोन ठिकाणी मात्र जवळ उभं राहा. ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल हवं. जड मूल उडी मारतं तेव्हा हलकं मूल भलतीकडे फेकलं जातं. आणि लहानग्याला मांडीवर घेऊन घसरू नका. त्याचा पाय कडेला अडकतो, तुमच्या वजनाने तो पिरगळतो आणि नडगीचं हाड मोडू शकतं. छोट्या घसरगुंडीवर त्याला एकट्यालाच घसरू द्या, तुम्ही खाली थांबा.

निघताना

“पाच मिनिटांत निघू” हे लहान मुलाला कळत नाही. “अजून दोनदा घसरायचं, मग बूट” हे कळतं. बाहेर पडताना बहुधा खेळण्यांचं दुकान लागतंच, त्यामुळे काही घ्यायचं की नाही ते घरून निघतानाच ठरवून मुलाला सांगा, आणि सांगितलेलं पाळा. घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते भारतात सक्तीचं आहे. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बारीक सुटे भाग असलेलं खेळणं नकोच.

बॉल पूलमधून आल्यावर साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा. आणि हे सगळं, सू-शी धरून, रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याआधी उरका.