नववी-दहावीच्या मुलांना दाखला देऊन लिहायला कसं शिकवावं

आधी प्रश्न बदला. 'महात्मा फुले यांचे शैक्षणिक कार्य' अशी टीप लिहायला सांगितली की मुलं यादीच करणार, त्यात त्यांची चूक नाही. 'उच्च शिक्षणापेक्षा प्राथमिक शिक्षणावर सरकारने पैसा खर्च करावा, असं फुल्यांना का वाटत होतं?' असं विचारलं की उत्तरात बाजू घ्यावी लागते. बाजू घेतली की दाखला द्यावा लागतो.

मग मुद्द्याचं एक वाक्य. 'फुले थोर होते' हा मुद्दा नव्हे, कारण त्यावर वाद घालायला कुणी येणार नाही.

मग दाखला, आणि तो एका परिच्छेदात एकच. इथे सुविचारांची खोड मोडावी लागते. झाडांवर लिहायचं म्हटलं की तुकोबांचा अभंग हजर! अभंग सुंदरच आहे, पण झाडं तोडल्याने गावाचं काय झालं याचा तो पुरावा होत नाही. दाखला म्हणजे घटना, आकडा, कागद किंवा कुणाचं नोंदलेलं म्हणणं. 'पहिला', 'सर्वांत मोठा' असे शब्द आले की मी तिथेच थांबवते. भिडे वाड्यातली १८४८ची शाळा ही 'भारतातली पहिली मुलींची शाळा' असं मुलं सर्रास लिहितात. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत त्याआधीपासून होत्या. कुणी काढलेली पहिली, कुठली पहिली, ते नीट लिहा, नाहीतर 'पहिली' खोडा.

इथवर एक तास पुरतो. खरं दुखणं पुढे आहे.

मुलं मुद्दा लिहितात, दाखला लिहितात आणि शेवटी 'यावरून असे दिसून येते की' म्हणून मुद्दाच पुन्हा लिहून मोकळी होतात. दाखल्यातून मुद्दा कसा निघाला, ते कुठेच नसतं. या जागेला मी सांधा म्हणते. माझी सुरुवातीची कितीतरी वर्षं इथेच वाया गेली. लाल पेनाने 'स्पष्टीकरण वाढवा' असा शेरा मारायचे, मुलं इमानदारीत वाढवायची, म्हणजे तेच वाक्य तीनदा फिरवून लिहायची. मग एका प्रशिक्षणात ऐकून 'मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण' असा तक्ता वर्गात टांगला. एकाने वहीत 'स्पष्टीकरण :' असं लिहून त्यापुढे मुद्दाच उतरवून काढला. तक्ता त्याच आठवड्यात उतरवला. साचा दिला की आपोआप जमतं असं कुणी सांगितलं, तर त्यांच्याकडे वह्यांचा एक गठ्ठा तपासायला पाठवा.

जमलं ते तोंडी. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी म्हटलं होतं, की सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. एका मुलीने हा दाखला अगदी बरोबर लिहिला होता, खाली नेहमीचं 'यावरून असे दिसून येते'. मी तिला वही मिटायला लावली आणि विचारलं, 'मग? काय बिघडलं त्यात?' ती चिडून म्हणाली, 'बाई, पैसे शेतकऱ्याचे आणि शिकणार दुसऱ्यांची पोरं!' म्हटलं, हेच लिही. तिला ते 'उत्तरासारखं' वाटेना, कारण गाईडमध्ये असं कुठे असतं? तिने मग लिहिलं: 'कर भरणारे आणि त्या पैशावर शिकणारे हे दोन वेगळे वर्ग होते. म्हणून फुले सरकारकडे दया मागत नव्हते, रयतेच्या पैशाचा हिशेब मागत होते.' सांधा झाला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. मुलं जोडीने बसतात. एकाने दाखला वाचायचा, दुसऱ्याने हट्टी माणसासारखं 'मग काय झालं?' विचारायचं, समाधान होईपर्यंत. जे उत्तर तोंडून निघेल ते आधी बोलीत उतरवायचं, प्रमाण भाषेत नंतर आणायचं. आधीच शुद्धलेखनाकडे वळलात तर विचार पळालाच म्हणून समजा. आणि 'यावरून असे दिसून येते की' ही शब्दरचना पहिले तीन महिने पूर्ण बंद. कडक वाटेल, पण ती असली की मुलांना सांधा झाल्याचा भास होतो.

सांधा खरा की नुसता भास, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: हे वाक्य उचलून आगरकरांवरच्या किंवा महर्षी कर्व्यांवरच्या उत्तराखाली चिकटवता येईल का? 'त्यांनी समाजाला नवी दिशा दिली' हे कुणाच्याही खाली चालतं. खोडा. 'रयतेच्या पैशाचा हिशेब मागत होते' हे दुसरीकडे बसत नाही. ठेवा.

सांधा जमू लागला की दाखला तोच ठेवून मुद्दा बदलायला सांगा. त्याच निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करावं अशी मागणी केली होती. एका गटाने यावरून 'फुल्यांना शिक्षण सर्वांपर्यंत न्यायचं होतं' हा मुद्दा सिद्ध करायचा, दुसऱ्याने 'शाळा उघडली की मुलं येतीलच, असं फुले मानत नव्हते' हा. दुसऱ्या गटाला सक्ती का लागते याचा विचार करावा लागतो: पोर शेतावर, गुरांमागे लागतं, ते घरचे सहज सोडत नाहीत. दाखला एकच, सांधे दोन. हा तास झाला की 'पुरावा स्वतःच बोलतो' असं वर्गात कुणी म्हणत नाही.

परिच्छेदाचा शेवट, पुढच्याशी जोड वगैरे गोष्टी वाचनाने येतात, त्यावर वेळ घालवू नका.

तपासताना सगळं उत्तर लाल करू नका. फक्त सांध्याच्या वाक्याखाली रेघ मारा. रेघ मारायला जागाच सापडली नाही, तर शेरा न लिहिता वही परत करा. दोन आठवड्यांत मुलंच विचारायला लागतात, 'बाई, माझी रेघ कुठे?'