पट्ट्यांचं क्रोशे ब्लाऊज: रंग बदलायची जागा

पहिलंच ब्लाऊज असेल तर बाह्या, कटोरी यांच्या नादी लागू नका. पुढचा-मागचा असे दोन सरळ चौकोन विणा, खांद्यावर आणि बगलेखाली शिवा, झालं. बेळगाव-खानापूरकडच्या थंडीत लोकर ठीक, पण मार्च लागला की सुती दोराच बरा. खडेबाजारात दोरा घेताना एकाच जाडीचे दोन रंग घ्या. मरून-पांढरा घेतलात तर मरून आधी पाण्यात बुडवून बघा, रंग सुटतो का ते.

चार इंची नमुना विणल्याशिवाय ब्लाऊजची साखळी, म्हणजे विणकामाची पायाची ओळ, घालू नका. नमुन्याच्या रुंदीत १६ खांब (सुईवर दोरा घेऊन घातलेले उभे टाके) बसले, तर ३६ इंच छातीला दोन इंच सैल धरून प्रत्येक भाग १९ इंच, म्हणजे ७६ खांब.

खरी गोम रंग बदलण्यात आहे. ओळीच्या शेवटच्या खांबाचे दोन वेढे सुईवर उरले की नवा दोरा ओढून घ्या, मगच वळा. पट्टा दोन ओळींचा ठेवा. जुना दोरा त्याच काठाला सापडतो, कापावा लागत नाही. काठाने वर नेताना तो सैल सोडा, नाहीतर ती बाजू आखडते. ओळीगणिक खांब मोजा, कंटाळा आला तरी.