पुराचा इशारा आणि मळ्याचा हिशोब : मुंबई उपनगरातील भाजीपाला, भात व तबेलाधारकांसाठी पावसाळी सल्ला

मृगाच्या सरींबरोबर हवामानाचे इशारेही सुरू होतात, आणि त्यातले दोन-तीन कोरडे गेले की जुलैपर्यंत मळ्यातला माणूस मोबाइलकडे बघणेच सोडून देतो. त्याची चीड समजण्यासारखी आहे, परंतु त्यात मोठे नुकसान दडलेले आहे. इशारा खरा ठरेल की नाही हे शेतकऱ्याच्या हातात नसते; इशारा मिळाल्यावर करायच्या प्रत्येक कामाला किती खर्च येईल आणि ते टाळले तर किती बुडेल, हा हिशोब मात्र त्याला आधीच मांडून ठेवता येतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कोणत्या भागात किती पाणी साचेल हे सांगणारी सोय मुंबईत नव्हती. आज कुलाबा आणि वेरावली येथे रडार आहेत, आणि पाऊस, जमिनीचा उतार, नाले व भरती यांचा एकत्र विचार करून पाणी साचण्याचा अंदाज देणारी आयफ्लोज ही प्रणाली जून २०२० पासून शहरासाठी आहे. वादळाच्या वा उष्णतेच्या लाटेच्या आधी चोवीस तास सूचना मिळाली तर नुकसान सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते, असे हवामान अनुकूलनावरील जागतिक आयोगाने २०१९ मध्ये नमूद केले होते. ही घट अर्थातच त्या चोवीस तासांत कोणी हात हलवले तरच होते.

आता हिशोब. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, नाल्याकाठचा पंप उचलून उंचावर ठेवायला दोन माणसांची मजुरी ६०० रुपये लागते आणि पंप बुडाला तर १५,००० रुपयांचा फटका बसतो. हे प्रमाण ४ टक्के झाले, म्हणजे पंचवीस इशाऱ्यांपैकी एक खरा ठरला तरी मजुरी वसूल होते. तेव्हा पंपासाठी पिवळा इशाराही पुरेसा मानावा. (एका मळ्यात पंप वेळेत वर काढलेला पाहिला, पण खांबावरची स्टार्टरची पेटी गुडघ्याच्या उंचीवरच राहिली होती आणि पाणी ओसरल्यावर तिच्यातून चिखल काढावा लागला. पेटी आत्ताच छातीच्या वर बसवून घ्यावी. वीज बंद केल्याशिवाय तिला हात लावू नये.)

पालेभाजीचे गणित वेगळे आहे. लाल माठाचा वाफा चार दिवसांनी काढला तर समजा ४,००० रुपये मिळतील, आजच कोवळा उपटून जुड्या बांधल्या तर २,५०० मिळतील, आणि पाणी चढले तर काहीच मिळणार नाही. अशा वेळी पाणी चढण्याची शक्यता साधारण ३८ टक्क्यांच्या पुढे असेल तरच लवकर काढणी परवडते. हवामान विभाग मुसळधार पावसाची शक्यता २५ टक्क्यांपेक्षा कमी, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ च्या वर अशा चार पायऱ्यांत मांडतो. तिसऱ्या पायरीपासून काढणीचा विचार गंभीरपणे करावा. नाल्याच्या पाण्यात बुडालेली पालेभाजी धुऊन विकू नये. ते मैलापाणी असते आणि ती भाजी आपल्याच शेजारच्या घरांत जाते.

मात्र पावसाची शक्यता आणि आपल्या वाफ्यात पाणी चढण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांमध्ये भरती उभी असते. ओहोटीच्या वेळी पडलेला पाऊस नाल्यावाटे निघून जातो. तोच पाऊस मोठ्या भरतीला पडला तर समुद्र पाणी आत घेत नाही आणि ते मागे, मळ्यांत फुगते. पालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस व वेळा जाहीर करते. तो तक्ता मळ्यातल्या खोपीत लावावा आणि इशारा आला की आधी त्याच्याकडे पाहावे. गोराई-मनोरीकडे खाडीलगत भातखाचरे असणाऱ्यांनी अशा दिवसांपूर्वी बंधाऱ्यावरची खेकड्यांची बिळे बुजवावीत आणि उघाडीची, म्हणजे बंधाऱ्यातल्या पाणी सोडण्याच्या दाराची, झडप नीट बसते का हे पाहावे. गोडे पाणी दोन-चार दिवस साचले तर भाताचे पीक बहुधा सावरते, पण खारे पाणी शिरले तर जमीन पावसाने धुऊन निघेपर्यंत थांबावे लागते. म्हणून थोडी रोपे उंचावरच्या गादीवाफ्यावर राखून ठेवणे फार स्वस्त पडते.

तबेल्यांबाबत हिशोबाचा घोळ घालू नये. नारिंगी इशारा आणि मोठी भरती एकत्र आली की पेंड व वैरण माळ्यावर चढवावी, उंच जागा ठरवून ठेवावी आणि रात्री दाव्याची गाठ एका ओढीत सुटेल अशी बांधावी. साचलेल्या पाण्यात उतरावे लागले आणि पायाला जखम असली, तर लेप्टो या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापावरच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जावे.

शेवटी एक साधी वही ठेवावी. इशाऱ्याचा रंग, भरतीची वेळ व उंची, आणि मळ्यातल्या एका पक्क्या खांबावर रंगाने आखलेल्या खुणांपैकी पाणी कुठवर आले, एवढेच तिच्यात लिहावे. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की वर धरलेल्या आकड्यांच्या जागी आपल्या मळ्याचे आकडे घालता येतील, आणि पंचनाम्याच्या वेळी फोटोंबरोबर तीच वही पुढे ठेवता येईल.