जुन्या मार्लिन ६० रायफलीची डागडुजी : आधी आत, मग बाहेर

मार्लिन कंपनीने १९६० साली आणलेली 'मॉडेल ६०' ही .२२ बोअरची अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकेत कित्येक शिकाऊ नेमबाजांची पहिली रायफल ठरली आणि 'ग्लेनफिल्ड' या नावानेही ती स्वस्तात विकली गेली. अशी जुनी रायफल हाती आली की बहुतेक जण आधी दुर्बीण आणि नवा दस्ता विकत घेतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो, कारण सोळा उथळ खाचांची तिची 'मायक्रो-ग्रूव्ह' नळी मुळातच चांगली असते आणि तक्रारीचे मूळ बहुधा आत साचलेल्या मळात असते.

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिनची, म्हणजे काडतुसे साठवण्याच्या भागाची, आतली नळी पूर्ण बाहेर काढावी, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता ठोकळा) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, उजेडात पाहावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. दस्त्याखालचे दोन स्क्रू काढले की यंत्रणा दस्त्यातून वेगळी होते. पुढचे खोलणे प्रशस्त, पांढरे कापड अंथरून करावे आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा, कारण पिनांवरच्या इवल्याशा ई-क्लिपा ('E' आकाराच्या धातूच्या चकत्या) टणकन उडतात आणि एकदा फरशीवर गेल्या की सापडत नाहीत. बोल्टमागची लांब, बारीक स्प्रिंग हा सर्वांत नाजूक भाग आहे. पुन्हा बसवताना ती तिच्या दांडीवरून जरा जरी सटकली तरी वाकते, आणि वाकलेली स्प्रिंग सरळ करत बसण्यापेक्षा नवी आणलेली बरी.

आता रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, मागच्या टोकाला असलेला प्लॅस्टिकचा बफर पाहावा. मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का तो झेलतो. जुन्या रायफलीत तो पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो. नखाने दाबल्यावर त्याचे कण पडू लागले, तर तो बदलल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. हा भाग अगदी स्वस्त आहे आणि या रायफलीवर पहिला खर्च करायचा तो यावरच.

रिसीव्हर मागून बंद असल्यामुळे नळीत साफसफाईची सळई तोंडाकडून घालावी लागते, आणि सळई घासून नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. म्हणून चेंबरकडून ओवून तोंडाने बाहेर ओढायची लवचीक केबल वापरावी. नळीपेक्षा चेंबरकडे जास्त लक्ष द्यावे. तिथे जळक्या मेणाचा आणि काजळीचा कडक थर बसला की काडतुसे अडकू लागतात. पितळी ब्रशने तो निघतो. तेल मात्र थेंबभरच द्यावे, कारण जास्तीचे तेल पुन्हा मळच धरते. रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नये, कारण फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) थेट चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खळगा पाडू शकते.

चाप हलका करण्याच्या फंदात घरी पडू नये. ते काम जाणत्या बंदूक-कारागिराचेच आहे. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे तिथल्या वाचकांनी सगळेच काम परवानाधारकाकडे सोपवावे.

दस्ता बहुधा बर्चचा, अक्रोडी रंग दिलेला असतो. दस्त्यावरच्या पोच्यांवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले लाकूड फुगून वर येते. काही ग्लेनफिल्ड दस्त्यांवर खारीचे चित्र दाबून उमटवलेले असते, त्यावर पॉलिश पेपर चालवू नये. बाकी दस्ता २२० आणि मग ४०० नंबरच्या पेपरने घासून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तेलाची फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, ती पाण्यात बुडवून किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

दुर्बिणीसाठी रिसीव्हरवर ३/८ इंचाच्या खाचा असतात, त्यांत बसणाऱ्याच रिंगा घ्याव्यात. दुर्बीण रिमफायरसाठी (.२२ सारख्या, कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांसाठी), म्हणजे ५० यार्डांना पॅरलॅक्स (डोळा हलल्यावर नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) जुळवलेली असावी. मग चार-पाच प्रकारची काडतुसे आणून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे गट ५० यार्डांवर झाडावेत. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि फार मंद काडतुसांवर बोल्ट पुरेसा मागे येत नाही. पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर दस्त्याचे स्क्रू पुन्हा तपासावेत, पण रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असल्याने ते जोर लावून आवळू नयेत.