काँग गाव पायी कसे पाहावे

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्याच्या दक्षिण सीमेवर, लॉक मास्क आणि लॉक कॉरिब या दोन तलावांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात काँग हे छोटे खेडे वसले आहे. अर्धा दिवस आणि पाण्यात टिकणारे बूट असले की ते पायी पाहून होते.

सुरुवात ऑगस्टिनियन मठाच्या अवशेषांपासून करावी. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रॉरी ओ'कॉनर याने अखेरची वर्षे येथेच काढली व ११९८ मध्ये देह ठेवला. ‘काँगचा क्रूस’ म्हणून ख्यात असलेला १२व्या शतकातील अलंकृत क्रूस मात्र येथे शोधू नये. तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मठाजवळून नदीकडे वळावे. भिक्षूंची मासेमारीची दगडी खोली थेट पाण्यावर उभी असून तिच्या जमिनीतल्या भोकातून खाली वाहणारा प्रवाह दिसतो. मासा अडकला की दोरीने मठाच्या मुदपाकखान्यातली घंटा वाजे, असे सांगतात. खरे-खोटे कोण जाणे, पण युक्ती झकास आहे.

ॲशफर्ड किल्ला आता हॉटेल झाला आहे. तो बाहेरून पाहिला तरी चालेल. वाचलेला वेळ कालव्याला द्यावा. १९व्या शतकाच्या मध्यात, महादुष्काळाच्या दिवसांत, दोन्ही तलाव जोडण्यासाठी मजुरांनी तो खोदला. परंतु खालचा चुनखडक सच्छिद्र असल्याने पाणी झिरपून गेले आणि एकही बोट कधी त्यातून गेली नाही. कोरड्या पात्रालगत उभे राहून घडीव दगडांच्या भिंती नीट न्याहाळाव्यात.